गर्भपिशवी, ओटीपोट आणि पेशींचे संदेश : नांदेड-लातूर भागातील एका दुखण्याचा इतिहास

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या पृष्ठभागावर रुजून वाढतात, त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. संप्रेरकांच्या मासिक चढउताराबरोबर गर्भाशयातले अस्तर जाड होते आणि गळून पडते. बाहेर रुजलेल्या पेशीही तेच करतात, पण त्यांच्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. ते आतच साचते, आजूबाजूचा भाग सुजतो, व्रण धरतात आणि एकमेकांवरून सहज सरकणारे अवयव चिकटून बसतात. बीजकोशात साचलेल्या जुन्या, काळपट रक्ताच्या गाठीला डॉक्टर आणि रुग्ण दोघेही ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. पाळीच्या दिवसांतली असह्य वेदना, संबंधाच्या वेळी किंवा शौचाच्या वेळी दुखणे, बारा महिने धुमसणारे ओटीपोट आणि मूल न होणे ही त्याची मुख्य लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात १९ कोटी स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे.

नांदेड आणि लातूर भागात हे दुखणे दीर्घकाळ दोनच खात्यांत मोडत आले. एक, पाळीचा त्रास, दुसरे, वांझपण. पहिल्यावर शेक आणि काढे, दुसऱ्यावर नवस आणि सवत. पुढे दवाखाने आले तेव्हा पहिल्या खात्यावर एक नवा उपाय जमा झाला : गर्भपिशवी काढून टाकणे. प्रयोगशाळेतले विज्ञान याच काळात उलट्या दिशेने गेले. ते गर्भाशय या अवयवावरून अस्तराच्या पेशींकडे आणि त्या पेशींना प्रतिकारशक्तीकडून मिळणाऱ्या रासायनिक संदेशांकडे वळले. हे दोन्ही प्रवास एकाच शतकातले असले तरी त्यांची गाठभेट फार उशिरा झाली.

पाळीच्या वेदनेची शास्त्रीय नोंद आयुर्वेदात जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ३० व्या अध्यायात २० योनिव्यापदे, म्हणजे स्त्रीजननेंद्रियांचे विकार, सांगितली आहेत. त्यांपैकी उदावर्तिनीचे वर्णन असे, की वाताच्या उलट्या गतीमुळे रज कष्टाने बाहेर पडते आणि ते बाहेर पडताच स्त्रीला बरे वाटते. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि रसशाळा आहे, त्यामुळे या भागातल्या वैद्यांना हे वर्णन पाठ्यपुस्तकातून परिचयाचे आहे. ‘उलटी गती’ हे शब्द पाहून त्यांची सांगड एंडोमेट्रिओसिसच्या आधुनिक उपपत्तीशी घालण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. स्राव सुरू होताच उतरणारी वेदना ही बहुधा साध्या कष्टार्तवाची खूण असते. एंडोमेट्रिओसिसची वेदना पाळीआधी सुरू होऊन पाळीभर टिकते, आणि आजार जुना झाला की पाळीचा बंधही मानत नाही.

पाळीविषयी बोलण्याची मुभा किती होती, यावरही निदान अवलंबून असते. या बाबतीत मराठवाड्याची परंपरा एकसुरी नाही. नांदेड जिल्ह्यातले माहूर हे दत्तात्रेय आणि रेणुका यांचे स्थान, तसेच महानुभाव पंथाच्या पाच कृष्णांपैकी दत्तात्रेयांचे आणि चांगदेव राऊळांच्या साधनेशी जोडलेले तीर्थ. याच पंथाच्या चक्रधरस्वामींनी १३ व्या शतकात रजस्वलेचा विटाळ नाकारला; शरीराच्या इतर द्वारांतून जसे स्राव होतात तसाच हाही एक, अशी त्यांची भूमिका पंथाच्या साहित्यात नोंदलेली आहे. पंथाबाहेरच्या समाजात मात्र ‘कावळा शिवला’ की बाजूला बसण्याची चाल विसाव्या शतकातही टिकून राहिली. शहरांत ती सैल झाली, तांड्या-वस्त्यांवर आणि वाड्यांत वेगवेगळ्या रूपांनी पाळली गेली. बाजूला बसलेल्या बाईच्या वेदनेला घरात साक्षीदार नसे, हा या चालीचा वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा तोटा.

गावात उपचार करणारी व्यक्ती म्हणजे सुईण. बाळंतपण हे तिचे मुख्य काम; पाळीच्या तक्रारींवर ती ओवा, शेपा, हिंग, एरंडेल, गरम विटेचा शेक आणि पोट चोळणे असे उपाय करी. मुलीला लग्नाआधी त्रास असेल तर ‘लेकरू झालं की जातंय’ हे उत्तर ठरलेले असे. त्या उत्तरात अनुभवाचा अंश होता. गरोदरपणात पाळी थांबते, प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण पुष्कळ वाढते आणि बहुतेक स्त्रियांमध्ये या आजाराच्या वेदना तेवढ्या काळापुरत्या शमतात. लवकर लग्न, पाठोपाठ बाळंतपणे आणि दोन-दोन वर्षे अंगावर पाजणे अशा आयुष्यात स्त्रीच्या वाट्याला एकूण पाळ्याच कमी येत. त्यामुळे आजार दबलेला राही, पण बरा होत नसे. ज्यांना मूलच होत नसे त्यांच्या बाबतीत हे उत्तर क्रूर होते, कारण आजाराने ज्या गोष्टीला अडवले होते तीच गोष्ट औषध म्हणून सांगितली जाई.

निजामाच्या राज्यात नांदेड हे जिल्ह्याचे ठिकाण होते आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले बाजारपेठेचे गाव. आधुनिक स्त्रीरोगचिकित्सेसाठी जाण्याची दिशा रेल्वेने ठरवली. मनमाड-हैदराबाद मार्ग १९०० मध्ये खुला झाला आणि नांदेड हैदराबादच्या मोठ्या इस्पितळांशी जोडले गेले. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोचली. हाच अरुंद मार्ग १९२७ पर्यंत कुर्डूवाडी, पंढरपूर असा मिरजेपर्यंत जोडला गेला. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले मिशन हॉस्पिटल शस्त्रक्रियांसाठी दक्षिण महाराष्ट्रात नावाजलेले होते. म्हणजे पोट उघडून पाहण्याची सोय लातूरकरांसाठी एका गाडीच्या अंतरावर होती, पण हे अंतर काटण्याची ऐपत आणि घरच्यांची तयारी फार थोड्या बायकांच्या वाट्याला येत होती.

याच सुमारास आजाराला नाव मिळाले. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊतके भलत्या जागी आढळल्याचे लिहिले होते. पहिल्या वर्णनाचे श्रेय सामान्यतः त्यांना देतात. आजाराची आजची कल्पना मात्र न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीचे शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांची. १९२१ मध्ये त्यांनी बीजकोशातल्या चॉकलेट सिस्टवर निबंध प्रसिद्ध केला आणि १९२७ मध्ये आपली उपपत्ती पूर्ण मांडली : पाळीच्या वेळी काही रक्त बीजनलिकांमधून उलटे ओटीपोटात जाते आणि त्यातल्या जिवंत पेशी तिथे रुजतात. एंडोमेट्रिओसिस हे नाव त्यांनीच रूढ केले. उपपत्ती सुटसुटीत होती, तरी तिच्यातला एक प्रश्न पुढची पन्नास वर्षे कोणी नीट विचारला नाही. तो असा, की उलटे रक्त किती जणींच्या पोटात जाते?

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. वैद्यकीय शिक्षण या भागात टप्प्याटप्प्याने उतरले. औरंगाबादचे शासकीय महाविद्यालय १९५६ चे. अंबाजोगाईला १९७० च्या दशकाच्या मध्यावर स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि लातूर-नांदेडच्या अवघड रुग्णांना पहिल्यांदा जवळचे शिक्षण-रुग्णालय मिळाले. नांदेडला शासकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आले. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये, आणि तिथले शासकीय महाविद्यालय २००२ चे. त्याआधी लातूरची भिस्त मुख्यतः खासगी आणि सेवाभावी दवाखान्यांवर होती. डॉ. अशोक कुकडे, डॉ. ज्योत्स्ना कुकडे आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सुरू केलेले विवेकानंद रुग्णालय हे त्यांतले ठळक नाव. या कामाबद्दल डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळाले. दहावी-बारावीच्या परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’ने गेल्या तीन दशकांत वैद्यकीय महाविद्यालयांना विद्यार्थी पुरवले, हे लक्षात घेतले तर याच जिल्ह्यातल्या खेड्यांत स्त्रीरोगतज्ज्ञ मिळणे किती काळ दुर्मीळ राहिले ही विसंगती डोळ्यांत भरते.

एंडोमेट्रिओसिस ओळखायचे तर ओटीपोटात डोकावावे लागे, आणि त्याचे साधन म्हणजे लॅप्रोस्कोप, बोलीभाषेत दुर्बीण. पॅरिसचे राऊल पामर यांनी १९४० च्या दशकात स्त्रीरोगांसाठी तिचा वापर रुळवला. महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र दुर्बीण पोचली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. १९७० च्या दशकाअखेरीपासून बीजनलिकांवर रिंग बसवण्याची ‘बिनटाक्याची’ शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली. एका दिवसात डझनावारी स्त्रियांच्या पोटात दुर्बीण जाई, नलिका शोधल्या जात, रिंग बसे आणि पुढची बाई टेबलावर येई. बीजकोशामागच्या खळग्यातले काळे-निळे ठिपके पाहून नोंदवणे हे त्या शिबिराचे काम नव्हते. रोग दिसू शकेल असे यंत्र आणि रोग असलेल्या स्त्रिया एकाच खोलीत होत्या, फक्त उद्दिष्ट वेगळे होते. पुढे सोनोग्राफी जिल्ह्याच्या गावी आली आणि चॉकलेट सिस्ट पोट न उघडता दिसू लागली. पण मराठवाड्यात हे यंत्र गर्भलिंगनिदानासाठी इतके बदनाम झाले, की १९९४ च्या केंद्रीय कायद्यानंतर त्याची चर्चा बहुतेक वेळा नोंदणी आणि छाप्यांपुरतीच राहिली.

ग्रामीण स्त्रियांच्या पोटातले आजार मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न महाराष्ट्रातच झाला, पण मराठवाड्यात नव्हे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते आणि जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी अशी तपासणी झाली होती. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी असा सरकारी हिशेब होता. तो या एका लेखाने मोडला. पाळीच्या तक्रारी त्या यादीत ठळक होत्या. एंडोमेट्रिओसिस हे नाव मात्र अशा सर्वेक्षणात येणे कठीण, कारण हाताने केलेल्या तपासणीत ते सहसा सापडत नाही.

सॅम्पसनच्या उपपत्तीतल्या त्या प्रश्नाला याच दशकात उत्तर मिळाले. १९८४ मध्ये अमेरिकेत हाल्मे आणि सहकाऱ्यांनी पाळीच्या सुमारास दुर्बिणीची तपासणी झालेल्या स्त्रियांच्या ओटीपोटातला द्रव तपासला. ज्यांच्या नलिका मोकळ्या होत्या अशा ९० टक्के स्त्रियांच्या द्रवात रक्त होते. उलटा प्रवाह जर दहांपैकी नऊ जणींना होतो आणि आजार दहांत एकीला, तर निवाडा रक्ताने होत नाही. ते रक्त पोचल्यावर शरीर त्याचे काय करते यावर तो ठरतो. भलत्या जागी आलेल्या पेशी साफ करणे हे प्रतिकारशक्तीचे काम आहे. तेव्हापासून संशोधकांचे लक्ष तिच्याकडे वळले.

ओटीपोटाच्या द्रवात मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशी पहारा देतात. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांत त्यांची संख्या वाढलेली असते, म्हणजे पहारा कडक झालेला असतो. पण गिळून टाकण्याची त्यांची क्षमता मात्र कमी पडते. मारकपेशींचेही असेच. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे १९९१ मध्ये दिसून आले, की रुग्ण स्त्रियांच्या नैसर्गिक मारकपेशी त्यांच्याच अस्तराच्या पेशींना मारण्यात ढिल्या असतात. खाणे-मारणे होत नाही, पण ओरडा चालूच राहतो. हा ओरडा रासायनिक असतो, आणि त्या रसायनांना सायटोकाइन म्हणतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर १९७५ मध्ये ओळखला गेला, इंटरल्यूकिन हे कुळाचे नाव १९७९ मध्ये ठरले, आणि १९९० च्या दशकात ओटीपोटाच्या द्रवात हे रेणू मोजणारे निबंध एकामागून एक येऊ लागले. इंटरल्यूकिन-१ बीटा, ६ आणि ८, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अल्फा, मॅक्रोफेजना बोलावणारा एमसीपी-१, रँटेस, रक्तवाहिन्या फुटवणारा व्हीईजीएफ : बहुतेकांची पातळी रुग्णांमध्ये चढी निघाली.

हे रेणू अस्तराच्या पेशींवर काय करतात, हा या विषयाचा गाभा. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अस्तराच्या पेशींना ओटीपोटाच्या पडद्याला चिकटायला मदत करतो. इंटरल्यूकिन-१ बीटा त्याच पेशींकडून इंटरल्यूकिन-८ आणि एमसीपी-१ तयार करवून घेतो. त्यांपैकी पहिला अस्तराच्या आधारपेशींची वाढ करतो आणि दुसरा आणखी मॅक्रोफेज ओढून आणतो. आलेले मॅक्रोफेज पुन्हा इंटरल्यूकिन-१ सोडतात. पेशीच्या आत या साऱ्या संदेशांची एक सामाईक कळ आहे, एनएफ-कप्पा-बी. ती एकदा चालू झाली की दाहाची डझनभर जनुके एकदम जागी होतात, आणि या आजाराच्या गाठींमध्ये ती बहुधा चालूच असते. प्रयोगशाळेतल्या वाढीत इंटरल्यूकिन-६ निरोगी अस्तराच्या पेशींची वाढ रोखते, पण रुग्णांच्या पेशी त्या संदेशाला पुरेशी दाद देत नाहीत, असेही काही प्रयोगांत दिसले. म्हणजे बिघाड फक्त बोलणाऱ्यात नाही, ऐकणाऱ्यातही आहे.

यापुढचा दुवा संप्रेरकांचा, आणि तोच सर्वांत उलगडा करणारा. निरोगी अस्तर स्वतः इस्ट्रोजेन तयार करत नाही; त्यासाठी लागणारे अरोमॅटेज हे विकर त्यात जवळपास नसते. अमेरिकेत सेरदार बुलुन यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवले, की बाहेर रुजलेल्या पेशींमध्ये ते असते आणि त्याला जागे करणारा रेणू म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई-२. इंटरल्यूकिन-१ बीटा प्रोस्टाग्लँडिन वाढवते, प्रोस्टाग्लँडिन अरोमॅटेज वाढवते, अरोमॅटेज इस्ट्रोजेन बनवते आणि इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवते. हे चक्र एकदा फिरू लागले की गाठ बीजकोशाच्या इस्ट्रोजेनवर पूर्णपणे अवलंबून राहत नाही. प्रोस्टाग्लँडिन हेच पाळीच्या वेदनेचे मुख्य रसायन असल्यामुळे, गाठ वाढवणारा आणि पोट दुखवणारा संदेश एकच ठरतो. भरीला, दाहाचे रेणू अस्तरातले प्रोजेस्टेरॉनचे ग्राहक कमी करतात. प्रोजेस्टेरॉनचे काम इस्ट्रोजेनला आवर घालण्याचे. त्याचे ऐकायलाच कोणी नसेल तर तो आवर सुटतो. याला प्रोजेस्टेरॉन-प्रतिरोध म्हणतात, आणि रुग्णांपैकी काहींना गोळ्यांचा गुण का येत नाही याचे एक कारण हेच. गर्भाशयाच्या आतल्या, जागच्या अस्तरातही हा प्रतिरोध आढळतो. म्हणून नलिका मोकळ्या असूनही गर्भ रुजणे अवघड होऊ शकते. ‘लेकरू झालं की जातंय’ या उत्तराची दुसरी बाजू इथे आहे.

दाहाची ठिणगी पडते कुठे, यावर मतभेद आहेत. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या गटाने २०२३ मध्ये ६४ टक्के रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्यूसोबॅक्टेरियम हा जीवाणू आढळल्याचे जाहीर केले. आजार नसलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १० टक्क्यांहून कमी होते. जीवाणूमुळे मॅक्रोफेज टीजीएफ-बीटा हा संदेश सोडतात आणि अस्तराच्या पेशींचे रूप व चलनवलन बदलते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उंदरांवर प्रतिजैविकांचा उपयोग झाला. माणसांत तो सिद्ध व्हायचा आहे, त्यामुळे मेडिकलच्या दुकानातून प्रतिजैविक आणून घेण्याचे हे कारण नव्हे.

मराठवाड्यातल्या डॉक्टरांसमोर जीवाणूचा आणखी एक, अधिक जुना प्रश्न असतो. जननेंद्रियांचा क्षयरोग भारतात वंध्यत्वाचे नेहमीचे कारण आहे. त्यातही ओटीपोट दुखते, अवयव चिकटतात, बीजकोशाजवळ गाठी दिसतात आणि रक्तातले सीए-१२५ हे प्रथिन वाढते. एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईने क्षयाचा सहा महिन्यांचा कोर्स घेणे, किंवा याच्या उलट होणे, अशी गफलत दोन्ही बाजूंनी शक्य असते. नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा तिच्यावरचा खात्रीचा मार्ग.

विज्ञान इथवर येत असताना जिल्ह्यातल्या दवाखान्यांत वेगळाच उपाय रूढ झाला होता. बालाघाटच्या डोंगररांगेवरचे तालुके, बीड जिल्ह्याबरोबरच लातूरचे जळकोट-अहमदपूर आणि नांदेडचे मुखेड-कंधार-लोहा, हे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे तालुके. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि हंगामात एक दिवसाचा खाडा झाला तरी तो अंगावर येतो. फडात ना संडास, ना पाणी, ना आडोसा. पाळीत पोट धरून बसणे तिथे परवडत नाही. अशा बाईला ‘पिशवी खराब झाली, ठेवली तर कॅन्सर होईल’ असे कोणी सांगितले आणि उचलीच्या पैशात शस्त्रक्रिया उरकता येत असली, तर निर्णय झटपट होतो. २०१९ मध्ये हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे सुमारे १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातले देशाचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

या स्त्रियांपैकी कितीजणींना खरोखर एंडोमेट्रिओसिस होते, हे शस्त्रक्रियेच्या कागदांवरून ठरवता येत नाही. बऱ्याच जणींच्या तक्रारी पांढरे जाणे, कंबरदुखी आणि जास्त अंगावर जाणे याच होत्या. पण ज्यांना तो होता त्यांच्या बाबतीत उपायाची दिशा चुकली असे म्हणावे लागते. हा आजार गर्भाशयाबाहेरचा. पिशवी काढली आणि ओटीपोटातल्या गाठी तशाच ठेवल्या, तर बीजकोशाचे इस्ट्रोजेन आणि वर सांगितलेले दाहाचे चक्र त्यांना पोसत राहते आणि दुखणे परत येते. बीजकोशही काढून टाकले तर वेदना बहुधा कमी होते, पण तिशीतल्या बाईला एका रात्रीत रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगाची लाही होते, आणि हे सारे कोयता हातात असताना. गर्भपिशवी काढण्याला एंडोमेट्रिओसिसच्या उपचारात जागा आहे. ती मुले झालेल्या, इतर उपाय करून थकलेल्या आणि परिणाम समजावून घेतलेल्या स्त्रीसाठी, गाठींसकट केलेल्या शस्त्रक्रियेची. पहिल्या भेटीतला सल्ला म्हणून नाही. बीडच्या प्रकरणानंतर खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक करण्यात आली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकरणांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश दिला.

औषधांचा इतिहास तुलनेने सरळ आहे. अमेरिकेत १९७६ मध्ये मान्यता मिळालेले डॅनाझॉल गुणकारी होते, पण त्याने दाढी-मिशा फुटत आणि आवाज घोगरा होई. त्यानंतर पाळी तात्पुरती बंद करणारी इंजेक्शने आली आणि पुढे डायनोजेस्ट; आज जिल्ह्याच्या गावातही चॉकलेट सिस्टच्या रुग्णाला सर्रास लिहून दिली जाणारी गोळी हीच. या सर्व औषधांचा रोख संप्रेरकांवर आहे. संदेशवाहक रेणूंवर थेट घाव घालण्याचे प्रयत्न अजून फळलेले नाहीत. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब संधिवातात यशस्वी ठरले, पण २००८ च्या एका छोट्या चाचणीत एंडोमेट्रिओसिसच्या वेदनेवर त्याचा परिणाम दिसला नाही. इंटरल्यूकिन-८ ला बांधून टाकणाऱ्या एका जपानी प्रतिपिंडाने २०२३ मध्ये माकडांतल्या गाठी आणि व्रण कमी केले. तो मार्ग अधिक आशादायक वाटतो. निदानातही बदल झाला. मानवी प्रजननशास्त्राच्या युरोपीय संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा निदानाचा अंतिम निकष मानणे सोडले. लक्षणे आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय पाहून औषध सुरू करता येते, असे ती सांगते. मुखेड किंवा जळकोटच्या बाईला हा बदल नव्या औषधापेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

महाराष्ट्रात या आजारावरचे मूलभूत काम मुख्यतः मुंबईत, परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेत चालते. १९७० मध्ये प्रजनन संशोधन संस्था म्हणून उभी राहिलेली ही संस्था सुरुवातीला गर्भनिरोधकांच्या संशोधनासाठी ओळखली जात होती. आता ती देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांमधून एंडोमेट्रिओसिस असलेल्या भारतीय स्त्रियांची लक्षणे आणि जनुकीय नमुने गोळा करत आहे. त्याची गरज आकड्यांतून कळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या आजाराच्या सर्वांत मोठ्या जनुकीय अभ्यासात ६०,६७४ रुग्ण स्त्रिया होत्या आणि जनुकसंचातल्या ४२ जागा आजाराशी जोडल्या गेल्या. त्या सर्व स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या.